डाव्या घोड्याची बंदूक

वृषभ मगदूमांनी बंदुकीच्या दस्त्यावरचा पितळी पत्रा नखानं खरवडला आणि नख नाकाशी नेलं. चिंचेचा वास आला.

"दर खंडेनवमीला घासतोय की," हंबीरराव पाटील म्हणाले. "म्हंजे आमची आई घासती. चिंच आणि राख. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय."

भिंतीकडेच्या लोखंडी खुर्चीवर तानाबाई बसल्या होत्या. आपल्याविषयी बोलणं चाललंय याची त्यांनी कसलीच दखल घेतली नाही. त्या आवारात गंजत पडलेल्या जप्त मोटारसायकली बघत होत्या.

मगदूमांनी नख रुमालाला पुसलं. जुन्या वस्तूचं नुकसान करण्यात गंजाचा नंबर दुसरा, पहिला भक्तीचा, हे त्यांनी संग्रहालयाच्या शस्त्रविभागात असताना पुष्कळांना सांगून पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर सांगणं सोडलं. आता ते नुसता वास घ्यायचे.

बंदूक एका कॅरम बोर्डावर ठेवली होती. बोर्ड जुगाराच्या धाडीत सापडलेला. ठाण्याच्या मागच्या व्हरांड्यात तेवढीच एक सपाट जागा होती. बंदूक बोर्डापेक्षा लांब असल्यानं नळीचं तोंड बाहेर आलं होतं आणि ते नेमकं हवालदार कृष्णातच्या पोटाच्या रोखानं होतं. कृष्णात सवयीनं थोडा बाजूला सरकून उभा होता.

प्रकरण सरळ होतं. विधानसभेच्या निवडणुकीआधी तालुक्यातल्या सगळ्या परवानाधारकांनी बंदुका ठाण्यात जमा केल्या. निकाल लागला, गुलाल उडाला, बंदुका आपापल्या घरी गेल्या. ही एक मागं राहिली. कारण ज्यांच्या नावावर परवाना होता ते हंबीररावांचे वडील आकाराम पाटील मधल्या काळात वारले. मेलेल्या माणसाला बंदूक परत देण्याची तरतूद नव्हती. मुलानं आपल्या नावावर परवाना मागितला, तर ठाण्याच्या साहेबांनी विचारलं, डुकरं हाकलायला आता तुमच्याकडं सौर कुंपण आहे, बंदूक कशाला? कुंपणाचं अनुदान हंबीररावांनीच धडपडून मिळवलं होतं.

उरले दोन मार्ग. बंदूक पुरातन वस्तू ठरली, तर दिवाणखान्यात टांगायला परत मिळणार होती. बंदुकीतून गोळी सुटतच नाही असं ठरलं, तर ते शस्त्र नव्हेच, म्हणून परत मिळणार होती. दोन्हींतलं काहीच नसेल, तर भट्टी. हे ठरवायला साहेबांनी मगदूमांना बोलावलं होतं. कारण जिल्ह्यात ठासणीची बंदूक ओळखणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

असा माणूस जैन असावा, याचं कुणाला काही वाटत नसे. वाटायचं ते एकट्या त्यांच्या पत्नीला, राजमतीबाईंना. लग्न झालं तेव्हा नवरा सरकारी नोकरीत आहे एवढंच त्यांना सांगितलं होतं. नोकरी तोफा मोजायची आहे हे जयसिंगपूरहून सासरी आल्यावर कळलं. त्यांनी एक नियम घातला. ज्या हत्याराला हात लावला त्यानं जीव घेतलेला असेल, तर घरात पाऊल टाकण्याआधी अंघोळ. घेतला नसेल, तर नुसते हातपाय. नियम उदार होता, पण सवलतीचा उपयोग कधी झाला नाही. कोल्हापुरात अजून कुणी मगदूमांपुढं अशी तलवार आणली नव्हती, जिनं निदान दहाजण कापले नव्हते. गेली कित्येक वर्षं ते अंघोळ करत आले होते.

"पणजोबाला दरबारातनं मिळाली," हंबीरराव सांगत होते. "दाजीपूरच्या रानात वाघ मारला म्हणून. एका गोळीत. पत्र्यावर बगा, सरकारचा नंबर हाय."

"आहे."

"मग? झाली न्हवं पुरातन?"

"पत्रा झाला," मगदूम म्हणाले.

हंबीररावांनी कृष्णातकडं पाहिलं. कृष्णातनं मोटारसायकलींकडं पाहिलं.

मगदूमांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पत्र्याच्या कोपऱ्यातल्या स्क्रूवर बोट ठेवलं. पत्रा जुना होता, हातानं ठोकलेला, कडा एकसारख्या नसलेला. स्क्रू मात्र हार्डवेअरच्या दुकानात डबीवर मिळतात तसले. पत्र्यामागचं लाकूड सागाचं, अजून पिवळट. जुन्या घोड्याला नवीन नाल मारतात हे त्यांनी पाहिलं होतं. इथं जुन्या नालेला नवीन घोडा मारला होता.

"सर, स्पष्ट सांगतो," हंबीरराव खुर्ची ओढून जवळ आले आणि आवाज खाली आणला. तो तरीही आवारापलीकडं ऐकू गेला असता. "कारखान्याची निवडणूक हाय. फ्लेक्स छापून झाल्यात. 'वाघाच्या शिकारीचा वारसा'. बंदुकीसकट फोटो हाय बाचा. आणि समोरची पार्टी गावभर सांगत सुटलीया, पाटलाचा वाघ पोलिसांनी उचलला म्हणून. दिवाणखान्यात काचेचं कपाट करून ठेवलंय. रिकामं. आल्यागेल्यानं इचारलं की आमची मंडळी सांगत्यात, टीव्हीसाठी केलंय."

मगदूमांनी मान हलवली. सहानुभूती आणि मानदुखी या दोन्हींसाठी त्यांची मान सारखीच हलायची.

"आणि खरं सांगू का," हंबीरराव म्हणाले. "बा गेला तवा ही हितं हुती, बिल्ला बांधून. बाला न्हेताना एक बार काढायचा हुता. राहिला. शेवटी फटाका लावला. बरं दिसलं न्हाय ते."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली आणि व्हरांड्यातली खिडकी बराच वेळ खडखडत राहिली.

कृष्णात चहा सांगायला गेला. मगदूमांनी पिशवीतून रबरी हातोडी काढली, दस्त्याला नळी धरून ठेवणाऱ्या दोन खिळ्या ठोकून बाहेर काढल्या आणि नळी अलगद उचलून वेगळी केली. हे करताना ते कुणाकडं पाहत नसत. बंदूक उलगडली की घरच्यांचे चेहरे डॉक्टरच्या दारात बसलेल्या नातेवाइकांसारखे होतात आणि मग मत देणं अवघड जातं.

नळी एकसंध होती. जुनी नळी लोखंडाची पट्टी गुंडाळून, तापवून, ठोकून करायचे. नीट पाहिलं की तिच्या अंगावर सापासारखे वळसे दिसतात. हिच्या अंगावर वळसे नव्हते. लेथवर कापलं की उमटतात तसल्या बारीक गोल रेघा होत्या. घोड्याखालची पट्टी ट्रकच्या कमानपाट्यातून कापली होती. चापाचं वेटोळं ओतीव होतं. असली ओत त्यांनी पंपाच्या हँडलला पाहिली होती. काम मात्र सुरेख. घाईची एकही खूण नाही, कुठं कानस घसरलेली नाही.

दोन गोष्टी मात्र विचित्र होत्या. घोडा डाव्या बाजूला होता. ठासणीच्या बंदुकीचा घोडा उजवीकडं असतो; म्हणजे घोड्याखालची स्फोटक टोपी फुटली की ठिणगी माणसाच्या तोंडापासून लांब उडते. आणि दस्ता आखूड होता. पाटलांच्या घराण्यातल्या फ्लेक्सवरच्या छात्या पाहता, फारच आखूड.

"डावखुरं कोण होतं तुमच्यात?"

"बाप्यांत? कोणबी न्हाय. घोडा तसलाच हाय पहिल्यापासनं. दरबारी पद्धत आसंल."

"आणि गज?"

हंबीररावांनी दारू ठासायचा गज पुढं केला. "टोक तुटलंय हेचं तेवढं. माझ्या जन्माच्या आधीपासनं तसंच हाय."

गजाच्या टोकाला बेचकी होती. मगदूमांनी ती अंगठ्यानं चाचपली. तुटलेलं लोखंड खरखरीत लागतं. ही बेचकी आतून कानस मारून गुळगुळीत केलेली होती.

त्यांनी नळी उलटी केली. दस्त्याखाली कायम झाकला जाणारा भाग पदरानं पुसावा तसा रुमालानं पुसला. तिथं पंचनं उठवलेले पाच ठिपके होते. एका ओळीत, दाण्यासारखे. नाव नाही, साल नाही.

मगदूम बराच वेळ ते ठिपके पाहत राहिले.

हे पाच ठिपके त्यांनी लहानपणी पाहिले होते. गुऱ्हाळाच्या चरकावर, विहिरीच्या पंपावर, एकदा बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, समईच्या दुरुस्त केलेल्या बैठकीवर. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले दादासो उपाध्ये आपल्या कामावर एवढीच खूण करायचे. जैनांच्या पाच व्रतांचे पाच ठिपके. त्यांतलं पहिलं अहिंसेचं. दादासो लेथ सुरू करण्याआधी बेड फुंकून घ्यायचे, एखादी मुंगी असेल तर जायला वेळ मिळावा म्हणून. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून कितीही मोठ्या गिऱ्हाइकाचं काम अर्ध्यात सोडून निघायचे. चामड्याचा पट्टा लावावा लागतो म्हणून त्यांनी एक चांगलं मशीन विकून टाकलं होतं.

त्या माणसानं बंदूक केली होती.

"काय सर? कंपनी कळली व्हय?" हंबीररावांनी विचारलं. "विलायती?"

"बघतोय."

तेवढ्यात चहा आला आणि हंबीररावांचा फोनही वाजला. फोनवर कुणीतरी मोठं असावं, कारण हंबीरराव उठून उभे राहिले. "बोला आण्णा... व्हय, व्हय... न्हाय, तज्ज्ञ आल्यात की, खोलून बगाय लागल्यात..." असं म्हणत ते आवारातून फाटकाकडं गेले. फाटकाशी दोन ट्रॉल्या समोरासमोर अडकल्या होत्या; कृष्णात शिट्टी वाजवत तिकडं धावला.

तानाबाईंनी चहाचा ग्लास डाव्या हातानं उचलला.

मगदूमांनी ते पाहिलं. मग पिशवीतून छोटा टॉर्च काढला, नळीचं तोंड डोळ्याला लावलं आणि प्रकाश मारला. नळी आतून गुळगुळीत होती, आटे नसलेली, आरशासारखी. पण तोंडापासून वीतभर आत एक पोलादी पट्टी आडवी बसवलेली होती. वितळवून अशी एकजीव केलेली की जणू नळी तिच्यासकटच जन्मली. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चंद्रकोरीएवढ्या फटी. त्या फटीतून दारू ओतली जाईल, चिंधी कोंबली जाईल, बेचकीचा गज पट्टीला दोन्हीकडून चुकवत ती पट्टीपलीकडं दाबेल. शिशाची गोळी जाणार नाही. बोराएवढीसुद्धा नाही.

"दिसली काय?" तानाबाई म्हणाल्या.

मगदूमांनी टॉर्च विझवला. "काय?"

"काय म्हंजे? पट्टी. का टॉर्च घूस शोधाय मारलासा?"

मगदूमांना हसू आलं नाही, पण यायला जागा झाली. त्यांनी फाटकाकडं एक नजर टाकली. हंबीररावांची पाठ इकडं होती.

"दादासो उपाध्यांनी केली?"

"वळखलासा?" म्हातारीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट पाहिलं. "बस्तीतलं दिसताय. व्हय, त्येंनीच. माझा भाऊ त्येंच्या शेजारच्या फौंड्रीत हुता. मामंजींची दरबारी बंदूक फुटली, बार काढताना. कुनाला लागलं न्हाय, पर नळी पार उकलली. ह्येंनी म्हटलं, जातीयास न्हवं म्हायेराला, तर दुरुस्त करून आन. आमचं रान राधानगरीच्या वरल्या अंगाला. डुकरं, गवं. माळ्यावर राखनीला रातचं मीच बसायची. ह्येंनी कुठलं बसत्यात."

"आणि दादासो तयार झाले?"

"कुठलं! सरळ न्हाय म्हनलं. ताई, मी चरक करतो, पंप करतो, मारायचं काय करत न्हाय. म्या म्हटलं, मला तरी कुठं मारायचंय? जनावर पळालं की झालं. आवाज पायजे निस्ता." त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "तवा बसलं इचार करत. मग माझा हात मापला. डावरी हाय म्हनल्यावर घोडा हिकडं घातला, तोंड भाजू ने म्हनून. आनि बजावून सांगितलं, ताई, हेच्यातनं मुंगी मरायची न्हाय, ही जबाबदारी माझी."

मगदूमांनी नळी कॅरम बोर्डावर ठेवली. ठेवताना नेहमीपेक्षा जास्त हळू.

"मालकांना सांगितलं नाहीत?"

"त्येस्नी कशाला सांगायचं?" तानाबाईंचा आवाज जराही बदलला नाही. "पांडबाभावजी आनि ह्येंच्यात बांधावरनं रोज भांडान. आज हेनं दगूड सरकावला, उद्या त्येनं. ज्या घरात दोन भाऊ आनि एक बांध, त्या घरात खरी बंदूक ठेवती व्हय कोन शानी बाई?"

हा प्रश्न मगदूमांसाठी नव्हता. त्यांनी आपला चहा उचलला.

"मग एक दीस घिऊन गेलंच की. सकाळच्या पारी. माळ्यावर भरून ठेवल्याली हुती, डुकरासाठी, म्याच भरल्याली. ह्येंनी उचलली आनि बांधाकडं गेलं. गावातली मानसं वरडत मागनं. मी चुलीम्होरं हुते. बार ऐकला." तानाबाईंनी ग्लास मांडीवर ठेवला. "भाकरी परतली."

बाहेर कृष्णातची शिट्टी चालूच होती.

"घरी आलं ते रडतच. घोडा हिकडल्या अंगाला, ह्येंनी लावली उजव्या खांद्याला, गाल भाजला. म्हनलं, ज्योतिबानं थोबाडीत मारली. भावाच्या छातीवरनं गोळी वळवली. म्या म्हटलं, वळवली आसंल."

"आणि नंतर कधीच...?"

"कवा सांगायचं? दुसऱ्या दिशी भावाला जेवाय बलावलं. दारू सोडली. बांधावर देवळी बांधली दोघांनी मिळून. दर चैतात दोघं भाऊ अनवानी डोंगरावर. देव करतोय म्हटल्यावर बाईनं मधी कशाला तोंड घालावं?"

मगदूमांना फ्लेक्सवरचा फोटो आठवला. येताना फाट्यावर पाहिला होता. आकाराम पाटलांच्या उजव्या गालावर काळा डाग होता. छपाईचा असेल असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनी साहेबांचा कागद पुढं ओढला. दोनच प्रश्न. वस्तू पुरातन आहे काय? वस्तू गोळी झाडण्यास सक्षम आहे काय? खाली मताच्या कारणांसाठी मोकळी जागा.

"आजी," ते म्हणाले, "ही जुनी नाही, ते तर लिहावंच लागेल. पण हिच्यातून गोळी सुटत नाही असं लिहिलं, तर बंदूक आज तुमच्या गाडीत. हंबीररावांचं कपाट भरेल."

"का सुटत न्हाय, ते लिवाय लागंल?"

"लागेल. पट्टी, कुणी बसवली, कशासाठी. साहेब पडताळून बघतील."

"म्हंजे हंबीर वाचनार."

"वाचतील."

"मग गाव वाचनार." तानाबाई फाटकाकडं पाहत होत्या. हंबीरराव फोनवर हात उडवून कुणाला तरी काहीतरी पटवत होते. "वाघाचं काय न्हाय वो. वाघ तसा बी कुनी बगितल्याला न्हाय. पर भावजी हायत अजून. आंथरुनातनं उठत न्हाईत. कोन आलं-गेलं की छातीवर हात ठेवून सांगत्यात, हितनं गोळी वळवली देवानं. तेवढंच बोलत्यात आता."

मगदूम पेनाचं टोपण काढून बसले होते.

"आनि पोरं. माझी आनि त्येंची. ती काय संत हायत व्हय? देवळी हाय म्हनून बांध जाग्याव हाय. तिथला देव उठला की दुसऱ्या दिशी नांगर सरकला म्हनून समजा. मग ही असली न्हाय, खरी बंदूक येती घरात." त्यांनी नळीकडं पाहिलं, शेजारणीकडं पाहावं तसं. "सुटती म्हनून लिवा."

"वितळवतील तिला."

"वितळू द्या. म्हातारी झाली. कुनाचं काय वाईट केलं न्हाय तिनं. भट्टीला कशापायी भ्यायचं?"

मगदूमांनी नळी पुन्हा दस्त्यात बसवली. पाच ठिपके लाकडाखाली गेले. खिळ्या ठोकल्या. सगळ्या नोकरीत त्यांनी लोकांना एकच गोष्ट दिली होती: नाही. ही तलवार त्या सेनापतीची नाही. ही कट्यार त्या राणीची नाही. लोक रागावायचे, एकदा एका तालमीच्या वस्तादांनी त्यांच्या स्कूटरची हवा सोडली होती. पण त्यांनी न झालेली गोष्ट झाली असं कधी लिहिलं नव्हतं. इतक्या वर्षांचा थकवा त्या नकारांचाच होता, हे त्यांना आत्ता जाणवलं. लोकांची दैवतं खाली ठेवत राहायचं काम त्यांनी पगारावर केलं होतं.

दादासोंनी तर बिनापगारी खोटी बंदूक केली होती आणि ती जन्मभर खरी ठरली.

त्यांनी लिहिलं. वस्तू पुरातन नाही. पितळी पत्रा वगळता अलीकडील, स्थानिक बनावटीची, कारागीर अज्ञात. दुसऱ्या प्रश्नापुढं क्षणभर पेन थांबलं. मग त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: होय. सुस्थितीत. प्राणघातक.

सही केली तेव्हा हंबीरराव परत येत होते.

त्यांनी उभ्याउभ्या कागद वाचला. पहिल्या ओळीला चेहरा उतरला. मोठ्या माणसाचा उतरतो तसा नव्हे, जत्रेत पाळण्यात बसायला न मिळालेल्या पोराचा उतरतो तसा. 'स्थानिक बनावटीची' हे त्यांनी दोनदा वाचलं. मग त्यांची नजर शेवटच्या शब्दावर आली.

"प्राणघातक," ते म्हणाले.

"हो."

"म्हंजे ही वाघ मारू शकती?"

"कागदाप्रमाणं, हो."

"ते आमी सांगतोयच की!" आवाजात जरा जीव आला. मग त्यांनी बंदुकीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. "भट्टीत जाणार म्हणायची."

"हो."

"साहेबास्नी भेटून..."

"ऱ्हाऊ दे हंबीर," तानाबाई म्हणाल्या.

हंबीरराव गप्प झाले. कारखान्याच्या सभेत त्यांना कुणी गप्प करू शकत नसे असा त्यांचा लौकिक होता. थोड्या वेळानं त्यांनी घोड्यावरून अंगठा फिरवला.

"काय योग असतोय बगा सर. तज्ज्ञ माणूस लिहून देतोय, प्राणघातक. आणि हीच बंदूक बानं काकावर झाडली, पाच-सात पावलांवरनं. काका अजून जिवंत हाय." त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "देव न्हाई म्हणणाऱ्यास्नी दाखवाय पायजे ह्यो कागद. चांगभलं."

"व्हय," तानाबाई म्हणाल्या.

हंबीररावांनी मोबाइलवर कागदाचा फोटो काढला. नीट आला नाही म्हणून पुन्हा काढला.

कृष्णात घाम पुसत आला. बंदुकीला पुन्हा बिल्ला बांधताना त्याची नजर बोर्डाच्या कडेला पडलेल्या गजावर गेली.

"सर, ह्यो गज पण जमा धरायचा? तुटल्याला हाय."

मगदूमांनी बेचकीकडं पाहिलं.

"तुटलेलाच आहे," ते म्हणाले. "काठी समज."

तानाबाई उठल्या. गज डाव्या हातात घेतला आणि त्याचा आधार घेत पायऱ्या उतरल्या. हंबीररावांनी हात पुढं केला तो त्यांनी घेतला नाही. ऊस वाहून वाहून आवारात मऊ धूळ साठली होती. गाडीपर्यंत तीत दोन-दोन टोकांचे ठसे उमटत गेले. कुठल्यातरी लहान, सावध जनावराच्या खुरांसारखे.

एस.टी. फाट्यावर उशिरा आली. मगदूमांना खिडकी मिळाली. फ्लेक्सवरचे आकाराम पाटील, गालावरच्या डागासकट, त्यांच्याकडं पाहत मागं गेले. भोगावतीचा पूल ओलांडल्यावर फोन वाजला.

"निघालात का?" राजमतीबाईंनी विचारलं. "बंब पेटवते. अंघोळीचं पाणी लागेल ना?"

समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी खिळ्यानं नाव कोरलं होतं. मगदूम ते वाचत राहिले.

"अहो, ऐकू येतंय का? पाणी ठेवू?"

"नको," मगदूम म्हणाले. "आज नुसते हातपाय धुतो."